जाणणं, खरं असणं आणि खात्री असणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्ञान म्हणून खरोखर काही असतं का, की माणसांची नुसती मतं असतात आणि त्यांतली जी सध्या तग धरून आहेत त्यांना आपण ज्ञान म्हणतो? आणि सत्याशी त्याचा संबंध काय लावायचा, कारण काल जे ज्ञान होतं ते आज खोटं ठरलं, असं तर आपण सतत पाहतो.

तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवताना हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो, आणि विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं: नसतं. माझं उत्तर उलटं आहे. ज्ञान असतं, चिक्कार असतं. सत्याशिवाय ते असूच शकत नाही, पण खात्रीशिवाय असू शकतं. सगळा घोळ या शेवटच्या वाक्यापाशी होतो. तिथे जाण्याआधी 'काल ज्ञान होतं, आज खोटं ठरलं' या बोलण्याचा समाचार घेतो.

जठराच्या अल्सरचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकात कितीतरी दशकं मानसिक ताण आणि जादा आम्ल ही त्याची कारणं म्हणून पाठ्यपुस्तकांत दिलेली असत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी रुग्णांच्या जठरातल्या अस्तरातून एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि अल्सरच्या मुळाशी तोच असल्याचं ते सांगू लागले. लोक ऐकेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतःच पिऊन पाहिला आणि जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आता प्रश्न असा, की आधीचं 'ज्ञान' खोटं ठरलं का? 'अल्सर ताणामुळे होतो' हे डॉक्टरांना माहीत होतं असं म्हणता येत नाही. त्यांना तसं वाटत होतं, आणि वाटायला कारणंही होती. पण त्याच डॉक्टरांना आणखीही काही ठाऊक होतं: आम्ल कमी करणारं औषध दिलं की अल्सर भरतो, आणि औषध थांबवलं की पुष्कळदा उलटतो. या विधानांना नव्या शोधाने धक्का लागला नाही. उलट अल्सर का उलटतो, हे तेव्हा कुठे कळलं. म्हणजे खोटं ठरला तो ज्ञान असल्याचा दावा. जे खरोखर जाणलेलं होतं ते जागच्या जागी राहिलं.

यावर हमखास आक्षेप येतो की ही पळवाट झाली. खोटं ठरलं की म्हणायचं, ते ज्ञान नव्हतंच. मला ती पळवाट वाटत नाही. ज्ञान खोटंही असू शकतं असं धरून चाला आणि मग सांगा, मार्शल यांनी दुरुस्त काय केलं? एका ज्ञानाच्या जागी दुसरं ज्ञान आलं, एवढंच म्हणावं लागेल. चूक सुधारली असं म्हणायची सोय उरणार नाही. चूक कळली असं म्हणणारा माणूस सत्य आणि मत यांतला फरक मान्य करूनच बोलत असतो.

सत्य मात्र कुणाच्या जाणण्यावर अडून राहत नाही. पाय (π) या संख्येच्या दशांश विस्तारात, एकावर शंभर शून्यं इतक्या क्रमांकाच्या जागी कोणता अंक आहे, हे आज कुणालाही माहीत नाही. तो सम की विषम, एवढंही नाही. तरी 'तो सम आहे' आणि 'तो विषम आहे' यांपैकी एक विधान आत्ता खरं आहे. कुणीतरी आकडेमोड करील म्हणून ते थांबलेलं नाही. ज्ञानाला सत्य लागतं, सत्याला ज्ञान लागत नाही. नातं एकतर्फी आहे. (जाता जाता: प्रत्येक सत्य निदान तत्त्वतः तरी जाणता येईल, असं आपल्याला वाटत असतं. फ्रेडरिक फिच यांच्या १९६३ सालच्या एका लेखातला छोटासा युक्तिवाद त्यालाही सुरुंग लावतो. 'अमुक गोष्ट खरी आहे, पण ती कुणालाच माहीत नाही' अशा धाटणीचं एखादं विधान खरं असेल, तर ते कुणालाही जाणता येणार नाही. कारण ते जाणलं की त्यातला पहिला भाग कुणालातरी माहीत झाला, म्हणजे दुसरा भाग खोटा पडला. यात फट कुठे आहे हे शोधणारे लेख अजून निघताहेत.)

बरं, खरं असणं लागतं, पण तेवढ्यावर भागत नाही. नाणं हवेत असताना तुम्ही 'छापा' म्हणालात आणि छापाच पडला, तरी तुम्हाला ते माहीत नव्हतं. तत्त्वज्ञ श्रीहर्षाने बाराव्या शतकात मुठीतल्या कवड्या किती हे अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याचं उदाहरण घेऊन नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या तार्किकांना, पेचात पकडलं होतं. प्लेटोच्या 'मेनो' संवादात सॉक्रेटिस म्हणतो की खरी मतं बांधलेली नसली की पळून जातात, कारणाने बांधली की त्यांचं ज्ञान होतं. पुढे यावरून खरं मत अधिक पुरेसं कारण म्हणजे ज्ञान, असं सूत्र रुळलं. १९६३ सालीच (ते वर्ष या विषयाला मानवलं असावं) एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांच्या लेखात दाखवलं की हे सूत्र तोकडं आहे: मत खरं, कारणही चांगलं, तरी ज्ञान नाही, असं होऊ शकतं. हीच गोष्ट जवळपास बाराशे वर्षं आधी बौद्ध तार्किक धर्मोत्तर यांच्याकडे सापडते. दुरून किड्यांचा थवा दिसतो, पाहणाऱ्याला तो धूर वाटतो, आणि तिथे आग आहे असं अनुमान तो करतो. आग खरोखरच असते. मांस भाजायला ती नुकतीच पेटवलेली असते, धूर अजून निघालेला नसतो, किडे मांसावर घोंगावत असतात.

असली कल्पित उदाहरणं वर्गात सांगितली की मुलं हसतात आणि विचारतात, प्रत्यक्षात असं कुठे होतं? होतं. गणिताच्या इतिहासातली एक गोष्ट मला या सगळ्या किड्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

१८५२ साली फ्रान्सिस गथ्री या तरुणाने नकाशा रंगवताना एक प्रश्न काढला. सीमेला सीमा लागून असलेल्या दोन प्रदेशांना एकच रंग द्यायचा नाही, एवढी अट पाळून कोणताही सपाट नकाशा चार रंगांत रंगवता येईल का? १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्प यांनी, जे पेशाने वकील होते, 'हो' असं सिद्ध केल्याचं जाहीर केलं. त्यांची युक्ती देखणी होती. नकाशात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला एक तरी प्रदेश असतोच. तो बाजूला काढा, उरलेला नकाशा चार रंगांत रंगवा, मग तो परत जागेवर ठेवा. त्याच्या शेजाऱ्यांत चारही रंग येऊन बसले असतील तर पंचाईत. तेव्हा एका शेजाऱ्यापासून निघणारी, आलटून पालटून दोनच रंगांची साखळी धरायची आणि तिच्यातले रंग परस्पर बदलायचे. म्हणजे एक रंग मोकळा होतो. शेजारी चार असताना हे बिनबोभाट चालतं. पाच असताना केम्पना अशा दोन अदलाबदली एकदम कराव्या लागल्या. त्यांतली प्रत्येक वेगळी घेतली तर बिनचूक होती. अकरा वर्षं हा युक्तिवाद मान्य झालेला होता. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी एक नकाशा काढून दाखवला, ज्यात पहिली अदलाबदल केली की दुसरीची साखळीच मोडते आणि रंग एकमेकांवर येतात.

'चार रंग पुरतात' हे विधान मात्र खरं निघालं. केनेथ अ‍ॅपल आणि वुल्फगांग हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने ते सिद्ध केलं. तेव्हा १८७९ ते १८९० या काळात केम्पकडे काय होतं ते पाहा. विधान खरं. त्यावर त्यांचा विश्वास. विश्वासाला पाठबळ म्हणून एक छापील, जाणकारांच्या नजरेखालून गेलेला युक्तिवाद. तरी चार रंग पुरतात हे त्यांना माहीत होतं, असं कुठलाही गणितज्ञ म्हणणार नाही. विधान ज्या जागी सत्याला अडकवलेलं असायला हवं होतं, तीच जागा पोकळ होती. आणि मजा अशी की केम्प यांचीच साखळीची युक्ती वापरून हीवुड यांनी पाच रंग नक्की पुरतात हे निर्दोष सिद्ध केलं. युक्ती एकच असली तरी पाच रंगांना ती धरून ठेवते, चार रंगांना नाही.

म्हणून कारण नुसतं असून चालत नाही. ते आणि सत्य यांच्यामध्ये धागा असावा लागतो, खरं ठरणं हा योगायोग असता कामा नये. तो धागा नेमका कसला, यावर गेटियरनंतर ढीगभर लिहिलं गेलं. आल्विन गोल्डमन यांनी आधी १९६७ मध्ये कार्यकारणाचा दुवा मागितला, पुढे १९७९ मध्ये भरवशाची प्रक्रिया मागितली. दर व्याख्येला कुणीतरी प्रतिउदाहरण काढलं आणि व्याख्येवर नवं ठिगळ बसलं. यातलं बरंचसं वाचून मला कंटाळा आला, हे कबूल करायला हरकत नाही. टिमथी विल्यमसन यांनी २००० साली वेगळी वाट धरली: मत, सत्य आणि कारण असे तुकडे जोडून ज्ञान बनत नाही, ज्ञान हीच मूळ अवस्था समजा आणि मत तिच्यावरून समजून घ्या. मी या बाजूला झुकतो. ज्याची व्याख्या सुटी करता येत नाही ते खोटंच, असा नियम कुठेच नाही.

आता खात्रीकडे येतो. इथे एकाच माणसाच्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की बरंच उलगडतं.

युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून किंचित सरकत होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बँ लव्हेरिए यांनी विचार केला की त्याच्यापलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार. त्यांनी जागा काढून बर्लिनच्या वेधशाळेला कळवली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री तिथल्या योहान गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुध ग्रहाच्या कक्षेत असाच घोटाळा दिसला. सूर्याजवळून जाण्याचा त्याचा बिंदू हिशेबापेक्षा जादा सरकत होता. आजच्या मोजमापाने हा फरक शतकाला सुमारे ४३ विकला आहे (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). लव्हेरिए यांनी १८५९ मध्ये तोच तर्क लावला: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी आहे. त्या ग्रहाला व्हल्कन नाव मिळालं. तो दिसल्याचं सांगणारेही भेटले. १८७७ मध्ये लव्हेरिए वारले ते व्हल्कनवर विश्वास ठेवूनच. व्हल्कन नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि त्या ४३ विकला कुठल्याही नव्या ग्रहाशिवाय हिशेबात बसल्या.

दोन्ही वेळा माणूस तोच, पद्धत तीच, आणि आतून वाटणारी खात्रीही तशीच. लव्हेरिए यांच्या मनात डोकावून कुणाला नेपच्यून आणि व्हल्कन यांतला फरक सांगता आला नसता, कारण फरक आकाशात होता. ज्ञान म्हणजे डोक्यातली एखादी चमक असती तर दोन्हीकडे ज्ञान आहे किंवा दोन्हीकडे नाही, असं म्हणावं लागलं असतं. ज्ञान हे डोकं आणि जग यांच्यातलं नातं आहे, म्हणूनच एका बाजूकडे कितीही निरखून पाहिलं तरी ते पुरतं दिसत नाही.

नेपच्यूनची गोष्ट वाटते तितकी साफ नाही, हेही सांगून टाकतो. लव्हेरिए यांनी ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३६ पट धरलं होतं; खरं अंतर सुमारे ३० पट आहे. अमेरिकन गणितज्ञ बेंजामिन पियर्स तर म्हणाले की गाले यांना सापडलेला ग्रह हा गणिताने सांगितलेला ग्रहच नव्हे, तो सुखद अपघात आहे. मला ते अति वाटतं. त्या दशकांत युरेनसला ओढ कोणत्या दिशेने बसत होती, हे निरीक्षणांतूनच निघत होतं, आणि दिशा बरोबर आली ती त्यामुळे. तेव्हा त्या दिशेला ग्रह आहे हे लव्हेरिए यांना दुर्बीण वळण्याआधी माहीत होतं. तो किती लांब आहे हे माहीत नव्हतं, नुसतं वाटत होतं. एका माणसाला एका विषयाचं 'ज्ञान आहे की नाही' असं घाऊक विचारलं की उत्तर चुकतं. विधान एकेक घेऊन विचारावं लागतं.

मग आपलं जाणणं हे खरंच जाणणं आहे, हे कळायचं कसं? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर शतकानुशतकं खडाजंगी चालली. मीमांसकांचं, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचं, विशेषतः सातव्या शतकातल्या कुमारिलांचं म्हणणं असं, की ज्ञान उपजतच प्रमाण, म्हणजे खरं, धरायचं. बाधा आणणारं काही पुढे आलं तरच ते मागे घ्यायचं. नैयायिकांना हे पटत नाही. ज्ञान होणं आणि ते खरं आहे हे कळणं या त्यांच्या मते दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. लांबून पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली; तेव्हा आधीचं पाहणं खरं होतं हे कळलं. पाणी होतं हे मात्र पाहिलं तेव्हाच जाणलं होतं. हा फरक एवढा मोलाचा आहे की आधुनिक ज्ञानमीमांसेतली निम्मी भांडणं त्यावर मिटावीत. जाणण्यासाठी आपण जाणतो हे आधी जाणावं लागत असेल, तर तेही जाणतो हे जाणावं लागेल, आणि ही रांग संपायची नाही.

रांगेचा मुद्दा सर्वांत धारदारपणे मांडला तो बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने. प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, गोष्टी सिद्ध होतात म्हणता, तर प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अंत नाही. आपोआप म्हणाल तर बाकीच्या गोष्टीही आपोआपच का नकोत? न्यायसूत्रांतलं उत्तर तराजूचं आहे. तराजूने सोनं तोलतो तेव्हा तराजू हे साधन असतं. पण वजन कळलेल्या त्याच सोन्याने दुसरा तराजू तपासता येतो, तेव्हा तराजू ही तपासण्याची वस्तू होते. कुठलंही साधन तपासणीच्या वर नाही, आणि कुठलंही साधन वापरण्याआधी बाकी सगळी साधनं तपासून झालेली असावीत अशी अटही नाही. संशयवाद्याला, म्हणजे ज्ञानाच्या शक्यतेवरच शंका घेणाऱ्याला, मात्र सगळे तराजू एकाच वेळी खाली ठेवून मग वजन करायचं असतं. त्याची मागणी पुरी होत नाही यावरून वजन नावाचं काही नसतं, हे निघत नाही.

'ज्ञान नसतं हे तुला कसं कळलं?' असा टोला हाणून संशयवाद्याला गप्प करायची युक्ती लोकप्रिय आहे. ती वापरू नका. नागार्जुनाने तिला आधीच उत्तर देऊन ठेवलंय: माझं स्वतःचं काही प्रतिपादन नाहीच, मी तुमच्याच गृहीतकांवरून चाललोय. शहाणा संशयवादी दावा करत नाही, तो फक्त मागणी वाढवत नेतो. त्याला विचारायचं ते हे: चूक होण्याची निव्वळ शक्यता उरली की ज्ञान गेलं, हा नियम तू कुठून आणलास? नेपच्यून त्या दिशेला नसणं शक्य होतं. पण तो होता, आणि ज्या मार्गाने कळलं तो मार्ग त्या दिशेपुरता खऱ्याला धरून होता. जाणायला एवढं लागतं. आपण जाणतो हे दुसऱ्याला पटवून द्यायला याहून पुष्कळ जास्त लागतं, आणि संशयवादी नेहमी हे दुसरं बिल पहिल्याच्या नावावर फाडतो.

शेवटी एक गोष्ट, जी या चर्चांत उगाच मागे पडते. आपल्या ज्ञानाचा मोठा भाग आपण स्वतः मिळवलेलाच नसतो. तुमची जन्मतारीख तुम्हाला माहीत आहे, पण त्या दिवशी तुम्ही काही दिनदर्शिका पाहिली नव्हती; कुणीतरी सांगितलं, कुठेतरी नोंदलं गेलं. नैयायिक शब्दाला, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात ते याचसाठी. वैशेषिक या दुसऱ्या दर्शनाने ते अनुमानातच जमा केलं. माझ्या मते नैयायिकांचं बरोबर आहे. चार रंगांचा सिद्धान्त इथे पुन्हा उपयोगी पडतो. १९७६ ची सिद्धता इतक्या प्रकरणांत फुटलेली होती की एका माणसाने हाताने ती पुरती तपासणं अशक्य होतं, आणि पुष्कळ गणितज्ञ त्यावर कुरकुरले. १९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने तपासायच्या रचना ६३३ वर आणल्या. २००५ मध्ये जॉर्ज गाँतिए यांनी संपूर्ण सिद्धता तर्क तपासणाऱ्या संगणकप्रणालीतून पायरी पायरीने पार करून घेतली. हे धागे एका डोक्यात मावत नाहीत. ते माणसं, कागद आणि यंत्रं यांच्यात मिळून पसरलेले आहेत. पण ते सत्यापर्यंत पोचतात. म्हणून ज्या विद्यार्थ्याने यातली एकही पायरी पाहिलेली नाही, नुसतं चांगल्या पुस्तकात वाचलं की चार रंग पुरतात, त्याला ते माहीत आहे. आणि ज्या केम्पनी स्वतः त्याची सिद्धता लिहून छापली, त्यांना १८७९ मध्ये ते माहीत नव्हतं.